दोन राजधान्या, एक द्राक्षवेल

चौदाव्या शतकात दोन मोठ्या सत्तांनी आपले ठाणे बदलले. १३०९ मध्ये पोपची गादी रोमऐवजी दक्षिण फ्रान्समधील अविन्यों शहरी आली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून दिल्लीचा दरबार तेथे हलवला. पुढे दौलताबाद पाहिलेल्या इब्न बतूताने नोंदवले आहे की, येथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात. दोन्ही राजधान्या टिकल्या नाहीत. द्राक्षे मात्र दोन्हीकडे आजही आहेत, आणि त्यांचे प्राक्तन अगदी वेगळे ठरले.

अविन्योंच्या उत्तरेला एका टेकडीवर पोप बाविसाव्या जॉनने उन्हाळी निवासासाठी गढी बांधली. भोवती द्राक्षमळे होतेच. त्या गावाला आज शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे ‘पोपची नवी गढी’ म्हणतात. पण हे नाव अधिकृत झाले १८९३ मध्ये. तोवर ते चुन्याच्या भट्ट्यांवरून ओळखले जाई. पोपच्या काळापासून अखंड चालत आलेली तांबडी वाइन, ही कल्पना म्हणूनच सावधपणे घ्यावी.

आज त्या वाइनचा कणा आहे ग्रेनाश हे द्राक्ष. ते मूळचे स्पेनचे, तिथले नाव गर्नाचा. उशिरा पिकणारे, उन्हाला न डगमगणारे, साखर भरपूर धरणारे. त्यामुळे वाइनमध्ये मद्यार्क चढा उतरतो. ऱ्होन खोऱ्यात उत्तरेकडून सुटणारा मिस्त्राल वारा वेली मोडून टाकतो, पण ग्रेनाशचे खोड आखूड, ताठ आणि दणकट असते. तोच वारा पाने कोरडी ठेवून बुरशीही रोखतो. अनेक मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते गुळगुळीत गोटे. ते दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात. खालची चिकणमाती ओल धरून ठेवते.

एवढे असूनही हा मुलूख बुडण्याच्या बेतात आला होता. १८६० च्या दशकात फायलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड जवळच्याच गार प्रांतातून पसरली आणि फ्रान्सचे द्राक्षमळे ओस पडले. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. मळे पुन्हा उभे राहिले. पण येथील जोरकस वाइन बर्गंडीच्या फिक्या वाइनला बळ देण्यासाठी पिंपांनी विकली जाई, आणि गावाच्या नावावर भलतीच वाइन खपे. माल आपला, नाव दुसऱ्याचे. नाव आपले, माल दुसऱ्याचा.

१९२३ मध्ये बॅरन पिएर ल रुआ यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. ते कायद्याचे जाणकार आणि पहिल्या महायुद्धातील वैमानिक होते. त्यांची सीमा आखण्याची रीत विलक्षण होती. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम उगवतात, अशा रुक्ष जमिनीतलीच द्राक्षे खरी. कसदार, पाणथळ जमीन बाद. मद्यार्क किमान साडेबारा टक्के, आणि खराब घड वेचून टाकणे सक्तीचे. १९३६ मध्ये ही वाइन फ्रान्सच्या पहिल्या काही संरक्षित नामांकनांत आली. (नियमांची हौस अशी की १९५४ मध्ये गावाने उडत्या तबकड्यांना मळ्यांत उतरण्यासही मनाई केली.)

दख्खनची अडचण निराळी. इथे हिवाळा वेलीला झोपवत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. न छाटलेली वेल इथे दोन बहार देऊ पाहते. इब्न बतूताची नोंद आजच्या बागाईतदाराला अनोळखी वाटणार नाही. खुंटही अमेरिकनच, डॉगरिज. मात्र इथे तो क्षार आणि दुष्काळ सोसतो म्हणून लावतात. जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाच्या कामातून द्राक्षबागा उभ्या केल्या, पण खाण्याच्या द्राक्षांच्या. त्याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार दूरवर ठाऊक आहे. तरी ते नाव बाजाराचे आहे, कोणत्या रानातली मिरची त्या नावाची, हे कुणी आखलेले नाही. वाइनपुरते तसे नाव महाराष्ट्रात नाशिक खोऱ्याला मिळाले आहे, भौगोलिक मानांकनासह.

ग्रेनाशही नाशिकला पोहोचले आहे. तिथल्या एका वायनरीने त्याची गुलाबी वाइन बाजारात आणली. शातोनफ-द्यु-पापच्या नावाने मात्र गुलाबी वाइन विकताच येत नाही. तिथले नियम फक्त तांबडी आणि पांढरी मानतात.