बँकेची पाटी बदलली तेव्हां



मुळशी तालुक्यांतील चांदे या माझ्या गांवापासून हिंजवडी फार दूर नाहीं. सकाळीं तिकडे नोकरीस जाणारीं मुलें माझ्या ओट्यावरून दिसतात. त्यांतलीं कांहीं माझ्याच हाताखालीं शिकलेलीं. त्यांपैकीं एकजण मला म्हणाला, "गुरुजी, माझी खुर्ची तीच आहे, पण मालक तिसरा आहे." तो पटनी कॉम्प्यूटर या कंपनींत लागला होता. ती २०११ सालीं आयगेट कंपनीनें घेतली आणि आयगेटला २०१५ सालीं कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीनें घेतलें. असा प्रसंग आपल्याच पिढीवर प्रथम आला, अशी त्याची समजूत होती. म्हणून मीं त्याला साताऱ्याची हकीकत सांगितली. तीच आज आपणांपुढें मांडतों.

स्वदेशीच्या चळवळीच्या ऐन भरांत, १९०७ सालीं, अण्णासाहेब चिरमुले यांनीं सातारा स्वदेशी कमर्शियल बँक काढली. १९१३ सालीं त्यांनीं वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी स्थापिली, आणि १९३६ सालीं युनायटेड वेस्टर्न बँक. मुंबईच्या भांडवलाकडे न पाहतां एका जिल्ह्याच्या गांवीं हें सारें उभें राहिलें, याचें मला आजही कौतुक वाटतें.

१९५६ सालीं मात्र मोठी उलथापालथ झाली. जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार हातीं घेतला, आणि १ सप्टेंबर रोजीं लहानमोठ्या २४५ संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झालें. त्यांत साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही गेली. त्याच वर्षीं युनायटेड वेस्टर्ननें जुन्या सातारा स्वदेशीला आपल्यांत सामावून घेतलें. म्हणजे एकाच गांवांत, एकाच सालीं, विम्याचा कारकून परक्या पानावर जेवावयास बसला आणि बँकेचा कारकून यजमान झाला! यजमानाचीही पाळी पन्नास वर्षांनीं यावयाची होती.

युनायटेड वेस्टर्नचें भांडवल नियमाला पुरेसें उरलें नव्हतें. २ सप्टेंबर २००६ रोजीं तिचे व्यवहार स्थगित झाले आणि ठेवीदारास सामान्यतः दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम काढतां येईना. आतां हें गल्ल्यावरच्या माणसाच्या बाजूनें पहा. समोर रांगेंत उभे असलेले लोक त्याच्या ओळखीचे. कुणाच्या घरीं लग्न, कुणाचें इस्पितळाचें बिल. बहुधा त्याचें स्वतःचें खातेंही त्याच बँकेंत. पैसे नाकारणारा तोच आणि ज्याचे अडकले तोही तोच. तरीही त्यानें दहाच्या ठोक्याला जागेवर बसावयाचें.

ती बँक घ्यावयास पुष्कळजण पुढें आले. अखेर आय.डी.बी.आय. बँकेची निवड झाली. ती मूळची १९६४ सालची, कारखान्यांना दीर्घ मुदतीचीं कर्जें देणारी संस्था. तिला शाखा हव्या होत्या, आणि साताऱ्याच्या बँकेजवळ नऊ राज्यांत सुमारें २३० शाखा होत्या. भागधारकांस एका भागाचे २८ रुपये मिळाले, आणि ३ ऑक्टोबरपासून जुनें नांव संपलें. दुसऱ्याच वर्षीं, १९१६ सालीं स्थापन झालेली सांगली बँकही आय.सी.आय.सी.आय. बँकेंत गेली.

नोकरांचें काय झालें? येथें कायद्याला दोष देतां येत नाहीं. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळांतील पलई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हां सरकारला जाग आली आणि बँकांच्या कायद्यांत सक्तीच्या विलीनीकरणाची तरतूद झाली. ४५ व्या कलमाप्रमाणें जुन्या बँकेचा नोकर त्याच पगारावर पुढें चालूं राहतो, आणि तीन वर्षांच्या आंत त्याला नव्या बँकेंतील समान दर्जाच्या नोकराइतकें वेतन द्यावें लागतें. ज्याला जावयाचें नसेल त्यानें तसें कळवावें आणि आपलें देणें घेऊन मोकळें व्हावें. हिंजवडीच्या मुलाच्या पाठीशीं असें कलम नाहीं.

माझे एक स्नेही अशाच एका विलीन झालेल्या बँकेंत होते. बँकेचें नांव मी सांगत नाहीं. ते म्हणतात, "गुरुजी, पगार वाढला, हें मी नाकारीत नाहीं. पण पूर्वीं शेतकरी कर्ज मागावयास आला कीं त्याच्या बापाचा व्यवहार मला तोंडपाठ असे. त्यावर मी शिफारस करीं आणि साहेब ती मानीत. नव्या बँकेंत अर्ज शहरांत जाऊं लागला. तीस वर्षांत जें शिकलों त्याला विचारणारें कोणी उरलें नाहीं." मला हें दुःख खरें वाटतें. मात्र ओळखीनें दिलेलीं सगळींच कर्जें वसूल होत नसतात, हें मीं त्यांना बोलून दाखविलें. ते हंसले, "तेंही खरें," म्हणाले.

२०१९ च्या जानेवारींत आयुर्विमा महामंडळानें आय.डी.बी.आय. बँकेचे ५१ टक्के भाग घेतले. १९५६ सालीं वेस्टर्न इंडियाला सामावून घेणारें तेंच हें महामंडळ. चिरमुल्यांची विमा कंपनी आणि त्यांची बँक, दोहोंचे वारसदार अशा रीतीनें एका छपराखालीं आले. त्या वेळीं दोन्हीकडच्या कारकुनांपैकीं किती जणांच्या हें ध्यानांत आलें असेल, कोण जाणे!