साच्यातल्या बोटीचं कूळ

लाकडी होडी ओळखणं जाणकाराला फारसं जड जात नाही. फळ्या कशा जोडल्यात, पुढचं टोक किती उचललंय, यावरून ती कुठल्या बंदराची हे तो सांगतो, कधीकधी कुठल्या सुताराच्या हातची तेही. फायबरग्लासच्या बोटीचं तसं नाही. ती साच्यातून निघते. एकाच साच्यातून शेकडो बोटी, सगळ्या हुबेहूब. साठ वर्षांत तिच्यावरची कंपनीची पट्टी हरवली, रंग दोनचारदा बदलला, की ती कोण हे शोधणं म्हणजे आडनाव विसरलेल्या माणसाची वंशावळ काढण्यातला प्रकार.

गेली दोन वर्षं हा उद्योग मी करतोय. मिनेसोटात राहायला आल्यापासून तळी भरपूर पाहिली (इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' लिहिलेलं असतं), पण बोटीच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. आमच्या शेजारच्या आजींनी घर विकायला काढलं. त्यांच्या शेडमध्ये कै. यजमानांची एक बोट ताडपत्रीखाली पडून होती. रिकामी करून द्यायची मुदत होती आणि बोट कचराडेपोत जाणार होती. फायबरग्लासच्या बोटीचं हे एक मोठं दुखणं आहे. त्यातलं रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमसारखं भट्टीत घालून नवं काही करता येत नाही. बहुतेक जुन्या बोटी शेवटी तुकडे करून पुरल्या जातात. आजी म्हणाल्या, "कुठली आहे ते कळलं असतं तर कुणी नेली तरी असती." सगळं घोडं तिथेच अडलं होतं. नाव नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून खड्डा.

तर आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर बोट काही बोलत नाही.

फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. आपल्याकडे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालतात ना, तीच कल्पना. नुसतं प्लास्टर तडकतं, नुसता काथ्या लोंबतो, दोन्ही मिळून टिकतात. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे जोडायचा प्रयत्न करत असताना वितळलेल्या काचेवर हवेचा झोत पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्यातून पुढे १९३८ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच टोलेडोत रे ग्रीन नावाच्या बोटी बांधणाऱ्याने १९४२च्या सुमारास काचेचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून छोटी बोट केली. या पद्धतीची पहिली बोट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मग महायुद्ध. विमानांवरच्या रडारला असं झाकण हवं होतं, ज्यातून रेडिओलहरी आरपार जातील. धातू चालेना, फायबरग्लास चाललं. युद्ध संपलं तेव्हा हा माल आणि तो हाताळणारी माणसं, दोन्ही तयार होती.

पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गाकडे घर आलं, गाडी आली, शनिवार-रविवारची सुट्टी आली. लाकडी बोट म्हणजे दरवर्षी खरवडा, रंगवा, फटी बुजवा. फायबरग्लासच्या बोटीची जाहिरात एकच: काही करायला नको! गाडीमागे लावा, तळ्यावर न्या, पाण्यात सोडा. या चौदा-पंधरा फुटी, पुढे काच आणि गाडीसारखं स्टिअरिंग असलेल्या उघड्या बोटींना रनअबाउट म्हणतात. साध्या शब्दांत भटकायची बोट. कॅलिफोर्नियात बिल ट्रिटच्या ग्लासपार कंपनीने अशा बोटीही काढल्या आणि फायबरग्लासची स्पोर्ट्स गाडीही. १९५३ मध्ये जनरल मोटर्सची कॉर्व्हेट आली, तिचं अंगही फायबरग्लासचंच. गाड्या आणि बोटी त्या काळात एकमेकींकडे बघूनच नटत होत्या. १९४८च्या कॅडिलॅकच्या मागे आलेले माशाच्या कल्ल्यासारखे पंख वाढत वाढत १९५९ मध्ये कळसाला पोचले आणि बोटींनाही तसेच पंख फुटले. पाण्यात त्यांचा उपयोग शून्य. पण ओळख पटवायला मात्र फार उपयोगी!

आजींच्या बोटीला मागे दोन्ही बाजूंना असे पंख आहेत. म्हणजे ढोबळपणे पन्नासच्या दशकाची अखेर किंवा साठची सुरुवात. दुसरी खूण ट्रान्समची. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन अडकवतात. त्या काळच्या बहुतेक इंजिनांचा दांडा आखूड असायचा, म्हणून ट्रान्समची उंची सुमारे १५ इंच. पुढे २० इंच रूढ झाली. आमची १५ची. तिसरी खूण म्हणजे जे नाही ते. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या बोटीच्या ट्रान्समवर उजव्या अंगाला बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक सक्तीचा झाला. त्यातली पहिली तीन अक्षरं कारखान्याची. तो असता तर सगळं काम पाच मिनिटांचं होतं. त्याआधीच्या बोटींना जो तो आपापल्या मनाने क्रमांक द्यायचा, कुणी डॅशबोर्डवर पत्रा ठोकायचा, कुणी देतही नसे. पुढच्या टोकावर 'एमएन'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, पण तो १९५८च्या कायद्यानंतर राज्यांनी द्यायला सुरुवात केलेला. त्यावरून बोट मिनेसोटात वापरली गेली एवढंच कळतं, कुठे जन्मली ते नाही.

आणि आकारावरून सांगावं तर आणखी पंचाईत. साच्याचा साचा काढता येतो. दुसऱ्याची चांगली चालणारी बोट विकत घ्यायची, तिच्यावर फायबरग्लास चढवून साचा करायचा आणि आपल्या नावाने बोटी काढायच्या. पेणच्या मूर्तिकारांना हा प्रकार समजावून सांगायला नको :) अमेरिकेत ही भानगड थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्ये असं साचे काढणं बेकायदा ठरवलं होतं. बोनिटो बोट्स विरुद्ध थंडर क्राफ्ट बोट्स या खटल्यात १९८९ मध्ये न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. ज्याला पेटंट नाही ते लोकांसाठी खुलं, आणि राज्याने त्यात वेगळं कुंपण घालायचं नाही, असा निकाल. शेवटी १९९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बोटीच्या तळाच्या रचनेला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. पण साठ सालच्या बोटीला त्याचा काय उपयोग! म्हणून जुन्या बोटींचे शौकीन नुसत्या तळावर विश्वास ठेवत नाहीत. ते बघतात वरचं झाकण, काचेची चौकट, आसनांची मांडणी, कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीचा घाट आणि नावाच्या पट्टीची भोकं.

आमचं कोडं भोकांनीच सुटलं. बाजूचा वरचा रंग पाण्याच्या कागदाने हळूहळू घासला तेव्हा खाली मूळचा जेलकोट लागला. जेलकोट म्हणजे साच्यात सगळ्यात आधी फवारतात तो रंगीत थर. त्यावर बुजवलेली भोकं आणि धातूची अक्षरं होती तिथे न विटलेली पुसट सावली. शेवटची अक्षरं स्पष्ट: '...सन'. आता मिनेसोटात 'सन' म्हणजे आपल्याकडे 'कर'. दर दुसरं स्वीडिश-नॉर्वेजियन आडनाव तिथेच संपतं. जॉन्सन हे इंजिनाचं नाव, बोटीच्या बाजूवर तसं कुणी लिहिणार नाही. थॉम्पसन हे विस्कॉन्सिनमधलं घराणं, पण त्यांची त्या काळची ख्याती एकमेकींवर चढवलेल्या फळ्यांच्या लाकडी बोटींची. राहिलं लार्सन. मिसिसिपीकाठच्या लिटल फॉल्स गावात पॉल लार्सनने १९१३ मध्ये सुरू केलेला कारखाना. (१९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग वाढला तेच हे गाव.) एका संग्राहकाकडे १९५९चं माहितीपत्रक होतं, त्यातल्या चित्राशी पंख, काच आणि आसनं जुळली. भोकांचं अंतरही जुळलं. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो हो, लार्सनच म्हणायचा तो." साठ वर्षं माहीत असलेली गोष्ट, फक्त कुणी विचारल्याशिवाय वर येत नव्हती.

नाव मिळालं आणि माझं मन घट्ट झालं. बोट मीच घेतली.

दुरुस्तीत जे दिसलं त्याने मला या बोटींच्या इतिहासाचा खरा मुद्दा कळला. 'काही करायला नको' ही जाहिरात अर्धीच खरी होती. काचेची कातडी खरोखर कुजत नाही. पण त्या कातडीच्या आत, इंजिनाचं वजन पेलायला, ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं. मधल्या काळात कुणीतरी शिडी लावायला त्यात भोकं पाडली आणि उघडी ठेवली. थेंब थेंब पाणी आत गेलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तर चांगल्या जागी ठक्‌ वाजायचं आणि मधोमध नुसता भद्द आवाज. बारीक ड्रिल मारल्यावर भुसा निघाला तो ओला, कॉफीच्या चोथ्यासारखा. वरून बोट धडधाकट, आतून कणा गेलेला.

उपाय सरळ आहे, मेहनत मात्र फार. बाहेरची कातडी राखायची, कारण आकार आणि रंग तिच्यात आहे. आतली कापून कुजकं लाकूड खरवडायचं. पुठ्ठ्याचा नमुना करून पाऊण इंची मरीन प्लायवूडचे दोन तुकडे कापायचे, इपॉक्सीने एकमेकांना आणि कातडीला चिकटवायचे, क्लॅम्प लावून दाबायचे. कोपरे घट्ट लगद्याने गोलसर करायचे, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, तिथे हवा राहते. मग कापडाचे थर. पुढे जिथे स्क्रू येणार तिथे आधी मोठं भोक पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यात लहान भोक, म्हणजे पाण्याची गाठ लाकडाशी पडतच नाही. तोंडाला मास्क, अंगभर कपडे आणि तरीही रात्री काचेची खाज. थंडीत रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून इथल्या आखूड उन्हाळ्यातच सगळं उरकायचं. त्यामुळेच दोन वर्षं लागली.

रत्नागिरीच्या काकांना फोनवर हे सगळं सांगत होतो. ते म्हणाले, "अरे, मिरकरवाड्यात आता फायबरच्या होड्या दिसतात. पोरं म्हणतात, हिला काही लागत नाही." मी म्हटलं, "काका, त्यांना एवढंच सांगा, कुठे भोक पाडलं तर आत लाकूड आहे का ते बघा, आणि असेल तर भोक बुजवा." काका हसले, पण लिहून घेतलं असावं.

मला राहून राहून वाटतं की या बोटींनी टिकण्याचं वचन पाळलं, आठवण ठेवण्याचं काम मात्र कुणावरच सोपवलं नाही. लाकडी होडी कुजून जाते आणि तिच्याबरोबर तिचा प्रश्नही संपतो. ही जात नाही. नाव गमावून तशीच पडून राहते आणि मग आपण तिला कचरा म्हणतो.

नव्या ट्रान्सममधलं प्लायवूडही कधीतरी जाईलच. म्हणून पुढच्या झाकणाखाली, कोरड्या जागी, एका बंद पिशवीत कागद ठेवलाय. लार्सन, लिटल फॉल्स, १९५९. कुठलं लाकूड घातलं, कुठली भोकं बुजवली, आणि ती आधी कुणाची होती. पुढच्या माणसाला निदान भोकं मोजत बसावं लागू नये.