चमकीच्या डब्यातली वंशावळ

'तुमचा माल कुठून येतो? आणि त्या पुरवठादाराचा कुठून?' मोटार कंपन्या आज असं खोदून विचारतात. या चौकशीचं मूळ बहुतेक जण आगीत शोधतात. ते रंगाच्या डब्यात शोधायला हवं.

आगीचा पक्ष तसा भक्कम आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथला आयसिन सेइकीचा कारखाना जळाला. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ सगळा तिथूनच घेई आणि साठा जेमतेम ठेवी. गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. मग शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रदरसकट कितीतरी कंपन्यांनी तो व्हॉल्व्ह घडवून दिला आणि आठवडाभरात टोयोटाचे कारखाने पुन्हा धडधडू लागले. मार्च २००० मध्ये अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. तिथून चिप घेणाऱ्यांपैकी नोकियाने लगेच हातपाय हलवले, एरिक्सनला फार मोठा फटका बसला.

पण दोन्ही वेळा घाव थेट पुरवठादारावर होता. कोणाचं जळलं, हे शोधायची वेळच आली नाही. टप्प्याटप्प्यांच्या साठ्याचं गणित क्लार्क आणि स्कार्फ यांनी १९६० मध्येच मांडलं होतं, पण त्यातही साखळीचे सगळे टप्पे आधीपासून माहीत असतात.

११ मार्च २०११ च्या भूकंपाने ही सोयच काढून घेतली. फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथे जर्मनीच्या मर्कचा कारखाना होता. 'झिरॅलिक' हे रंगद्रव्य जगात फक्त तिथेच बनत असे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे, त्यांवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर. ऊन पडलं की गाडीचा रंग आतून लखलखतो. मोटार कंपनी रंग घेते रंगवाल्याकडून आणि रंगवाला चमकी घेतो मर्ककडून. कारखाना बंद पडला आणि फोर्डने 'टक्सीडो ब्लॅक' व काही लाल छटांच्या ऑर्डरी थांबवल्या. क्रायस्लरनेही काही रंगांवर हात आखडता घेतला.

यावर चिपवाले म्हणतील, खरा दणका त्याच भूकंपात बंद पडलेल्या, रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्याचा होता. टोयोटापुरतं ते मान्य करावं लागेल. त्यानंतरच तिने 'रेस्क्यू' नावाची खालच्या थरांपर्यंतची नोंदवही उभारली आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या चिप-टंचाईत सुरुवातीला तो कामी आला. पण चिप मोलाची असते, हे कोणालाही पटतं. चिमूटभर चमकीसाठी गाडीची ऑर्डर अडते, हे पटायला ओनाहामाच घडावं लागलं.

पुढे एमआयटीच्या डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्डबरोबर जी रीत बसवली, तीत संकट किती संभवतं हा प्रश्नच बाजूला ठेवला आहे. एखादं ठिकाण बंद पडलं तर सावरायला किती दिवस लागतील आणि तोवर किती नुकसान होईल, एवढंच ती मोजते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वस्त सुटे भाग पुरवणारेही मोठ्या जोखमीचे निघाले. फोर्डला ही रीत पटली, त्यामागे ऑर्डरीच्या यादीतून गळलेला तो काळा रंगही असावा.