सलामीचं कूळ

सलामी म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात, नाही तर सलामीची जोडी. पावात घालायच्या मांसाच्या गोल, गुलाबी चकत्यांच्या पाकिटावर तोच शब्द दिसला की क्षणभर गोंधळायला होतं. दोन्हींचं नातं काहीच नाही. तोफांची सलामी अरबी ‘सलाम’मधून आली. पाकिटातली सलामी इटालियन, आणि तिच्या पोटात ‘साले’ आहे, म्हणजे मीठ.

हे मीठच टिकवलेल्या मांसाच्या साऱ्या खानदानाचा मूळपुरुष. मांस टिकवायचं तर त्यातलं पाणी काढावं लागतं; मीठ ते ओढून घेतं. नंदुरबारकडच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील दिसतात ते पाणी काढण्याच्या याच न्यायानं: समुद्र लांब, मासळी टिकली तरच पोचणार. सॉसेज या शब्दाचा लॅटिन पूर्वजही ‘खारवलेलं’ असंच सांगतो. कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो. तिथलं ‘कॉर्न’ म्हणजे मिठाचा खडा. इटालियन प्रोशुत्तो म्हणजे पाणी आटवलेलं. पास्त्रामीचं मूळ तुर्की, अर्थ ‘दाबलेलं’. हॅम म्हणजे आधी गुडघ्यामागची लवण, मग मांडी, मग डुकराची खारवलेली मांडी. अमेरिकेतल्या ‘बलोनी’ला तर इटलीतल्या बोलोन्या शहराचंच नाव आहे. त्या शहरात बलोनीची पूर्वज मोर्तादेल्ला कशी करावी याचा हुकूम 1661 सालीच निघाला होता.

एवढी मंडळी पावात शिरली ती उशिरा. सँडविच हे नाव इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या अर्लवरून, म्हणजे उमरावावरून पडलं. इतिहासकार गिबनच्या रोजनिशीत ते 1762 साली सापडतं. कागदासारखी पातळ चकती मात्र यंत्राची. रॉटरडॅमच्या व्हान बेर्केल नावाच्या खाटकानं 1898 मध्ये मांस कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

आपल्याकडे ही नावं आली आणि कोंबडीला चिकटली. कुणाला डुक्कर चालत नाही, कुणाला गाय-बैल. कोंबडी बहुतेकांना चालते. म्हणून ‘चिकन हॅम’: नाव डुकराच्या मांडीचं, मांस कोंबडीचं.

पातळ कापून टिकवलेल्या मांसाला मराठीत शब्द नव्हता असं मात्र नाही. तो शब्द चान्या. मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर टाकून कडकडीत वाळवायच्या आणि अडीअडचणीला निखाऱ्यावर भाजून किंवा शिजवून खायच्या. मिठाचं काम इथे उन्हानं केलं. मेलेलं जनावर ओढून नेणं ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांच्या घरचं हे अन्न. मृत जनावराचं मांस सोडा, असं डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडला सांगितलं, त्यामागे हीच सक्ती होती.

पास्त्रामी आणि चान्या यांच्यात कृतीचा फरक थोडा, प्रतिष्ठेचा फार. एकीला दुकानाची काच मिळाली, दुसरीला गावकुसाबाहेरची दोरी. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या स्वयंपाकाची नोंद केली ती 2015 मध्ये. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली.