पडदा आणि पान

रामटेकच्या टेकडीवर उभे राहिले असता कालिदासाची आठवण होणार नाही असा रसिक विरळा. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले. पुढे तेथे कवीचे स्मारकही झाले. दीड हजार वर्षांत राज्ये गेली, पोथ्या गेल्या. पण काव्य माणसांनी तोंडपाठ केले होते, म्हणून ते उरले. चित्रपटाला ही सोय नाही. फीत गेली की चित्रपट गेला. हिंदुस्थानात सुमारे 1,300 मूकपट निघाले. त्यांतले आज फार तर तीसेक उरले आहेत, आणि तेही पुष्कळसे तुकड्यातुकड्यांनी.

या बुडालेल्या जगात एक पुणेकर होता. त्याने काढलेले चित्र आज कोणाला पाहता येत नाही, पण त्याने मांडलेले पान अजून वाढले जात आहे. त्याचे नाव नानासाहेब सरपोतदार.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. हे साळुंके दादासाहेबांना सापडले ते मुंबईच्या एका उपाहारगृहात. तोंडाला रंग लावायला कोणी बाई तयार नव्हती, तेव्हा चहा-फराळाच्या जागेतून राणी आणावी लागली! हॉटेलातून पडद्याकडे जाणारी वाट ही अशी पहिल्याच चित्रपटात पडली. नानासाहेब तीच वाट पुढे उलट दिशेने चालले.

त्यांची उमेद 1925 च्या सुमारास दिसू लागते. त्या एका वर्षात ‘चंद्रराव मोरे’, ‘छत्रपती संभाजी’ असे ऐतिहासिक मूकपट त्यांच्या नावावर आहेत; आणि त्यांच्याच शेजारी ‘महाराची पोर’ असे उघड नाव घेतलेला एक सामाजिक चित्रपटही आहे. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा अजून दोन वर्षे अवकाश होता. पुढे पुण्यात त्यांची आर्यन फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्यात अंबू सगुण नावाची एक लहान मुलगी कामाला लागली. ती पुढे ललिता पवार झाली. रामानंद सागरांच्या ‘रामायणा’तली मंथरा पाहून ज्यांनी घरोघर दात-ओठ खाल्ले, त्यांच्या त्या रागाचे मूळ असे पुण्याच्या मूकपटात आहे.

त्या दिवसांत कंपनी काढणे हे आजच्याइतके अवघड नव्हते. हाताने फिरवायचा कॅमेरा, फुकटचे ऊन, ते सौम्य करायला वर ताणलेले पांढरे कापड, आणि आठवडाभर धीर धरणारा सावकार एवढ्यावर काम भागे. चित्र मुके असल्यामुळे त्याला भाषेचा आडपडदा नव्हता. मधल्या पाट्या तेवढ्या बदलल्या की तीच फीत मद्रासेत चाले आणि लाहोरातही चाले. पडद्याजवळ पेटी-तबला वाजे, आणि कोणी खड्या आवाजाचा गृहस्थ पाट्या वाचून दाखवी. गावोगावच्या जत्रांत तंबू लागत, आणि पडद्यावर देव प्रकटला की प्रेक्षक हात जोडत.

पण तंबूत हात जोडणारा हा समाज शहरात नाके मुरडीत होता. नाटकाला निदान गाण्याची प्रतिष्ठा होती; सिनेमाला तीही नव्हती. शिकलेल्यांना तो पोरखेळ वाटे, आणि घरंदाजांना तो बिघडण्याचा मार्ग वाटे. कोर्टात अपील असते, तसे कलेलाही असते. एका पिढीने झिडकारलेले पुस्तक पुढची पिढी उघडून पाहते आणि निकाल फिरवते. नानासाहेबांच्या बाबतीत ते दार बंद आहे, कारण पुरावाच नष्ट झाला. त्या वेळच्या नायट्रेट फिती भडकन पेट घेत. ज्या पेटल्या नाहीत त्यांतल्या पुष्कळ, त्यांच्यातली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. ‘महाराची पोर’ धाडसी होती की नुसतीच सनसनाटी, हे आता कोणी सांगावे? 1964 साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. पण तोवर फार उशीर झाला होता.

14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ बोलला, आणि मूकपटवाल्यांची दातखीळ बसली. आता ऊन पुरेना. आवाजबंद स्टुडिओ हवा, परदेशी ध्वनियंत्र हवे, गाता गळा हवा. शिवाय मराठी बोलला की मद्रासचे गिऱ्हाईक तुटले. भांडवलवाले तगले, ‘प्रभात’ 1933 साली कोल्हापूर सोडून पुण्यात आली आणि भरभराटली. लहान कंपन्या मात्र एकामागून एक मिटल्या.

अशा वेळी माणूस काय करतो? कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी दुसऱ्याच्या दारी नोकरी धरतो. नानासाहेबांनी 1935 साली पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले.

आज यात कोणाला विशेष वाटणार नाही. परंतु पांढरपेशा समाजात अन्नविक्रय हे त्या काळी हलके काम मानीत. पाहुण्याला जेवू घालावे, त्याचे पैसे घेऊ नयेत, हा संस्कार. म्हणजे ज्या गृहस्थाने आधी सिनेमा काढून नावे ठेवून घेतली, त्याने दुसरा धंदाही निवडला तो नावे ठेवण्याजोगाच!

तरीही ही उडी वाटते तितकी लांबची नव्हती. जुन्या नाटकमंडळ्यांचा मुक्काम हलला की त्यांच्याबरोबर आचारी आणि भांडीकुंडीही हलत. राजा, प्रधान आणि पडदा ओढणारा एकाच पंगतीला बसत. कंपनी चालवणे म्हणजे मुळात रोज माणसे जेवू घालणे. नानासाहेबांची कंपनी गेली. पंगत तेवढी राहिली.

1940 साली ते गेले. त्यांचे चिरंजीव चारुदत्त, सर्वांचे चारुकाका, यांनी ती पंगत पुढे चालवली. थालीपीठ आणि साबुदाण्याची खिचडी खाण्यासाठी गिऱ्हाईक येई, तसे नाटक-सिनेमातले लोक हक्काने उतरायला येत. कलावंतांच्या अडीअडचणीला धावून जाणारा माणूस, अशी चारुकाकांची ख्याती झाली. घराण्यातून सिनेमाही हटला नाही. 2024 साली गाजलेल्या ‘मुंज्या’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार याच घराण्यातले.

चित्रपटावरचा निकाल एकदाच लागतो आणि फीत नाहीशी झाली की तो कायमचा होतो. भोजनगृहाचे तसे नाही. काल आमटी खारट झाली असेल तर आज ती सुधारता येते, आणि परीक्षक भूक लागली की पुन्हा येतो. नानासाहेबांना पडद्याने फेरतपासणीची संधी दिली नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या पानाने ती दिली, आणि तिथला निकाल नव्वद वर्षे त्यांच्या बाजूने लागत आला आहे.