सिपमधील क्रमांकन: क्रमांक संदेशाला नव्हे, मागणीला

इंटरनेट टेलिफोनीत कॉल जोडण्या-तोडण्याचे काम प्रामुख्याने ‘सिप’ हा प्रोटोकॉल करतो. त्याचे मूळ नियम जून २००२च्या आरएफसी ३२६१मध्ये आहेत. यूडीपीवरून पाठवलेले संदेश वाटेत हरवतात, मागेपुढे पोचतात. उत्तर न आल्यास फोन तोच संदेश पुन्हा पाठवतो. अशा वेळी नवी मागणी कोणती आणि जुनीचीच पुनरावृत्ती कोणती, हे ठरवण्यासाठी प्रत्येक संदेशात ‘सीसेक’ हे हेडर असते.

रचना : सीसेकमध्ये दोनच गोष्टी असतात, एक क्रमांक आणि मागणीचा प्रकार, उदाहरणार्थ, कॉल जोडण्याच्या मागणीत ‘१०१ इन्व्हाइट’. क्रमांक ३२ बिटांचा असून त्याची सुरुवात २१४,७४,८३,६४८च्या खालून करावी लागते, म्हणजे एकाच कॉलमध्ये तो उलटून पुन्हा शून्यावर येण्याची वेळ येत नाही.

नियम : कॉलमधल्या प्रत्येक नव्या मागणीला क्रमांक एकाने वाढतो, पुनरावृत्तीत तो तोच राहतो आणि उत्तरात जसाच्या तसा परत येतो. दोन्ही बाजूंची मोजणी स्वतंत्र असते. आधीपेक्षा लहान क्रमांकाची मागणी आली, तर ती ५०० या उत्तराने नाकारली जाते. मधला क्रमांक गळाला तर मात्र चूक मानत नाहीत. वाटेतल्या प्रॉक्सी सर्व्हरने पासवर्डची खातरजमा मागत ‘१०१ इन्व्हाइट’ला ४०७ हे उत्तर दिले, की फोन १०२ पाठवतो, पलीकडच्याला १०१ कधी दिसतच नाही.

अपवाद : अ‍ॅक आणि कॅन्सल यांना नवा क्रमांक मिळत नाही. त्या स्वतंत्र मागण्या नसून अनुक्रमे इन्व्हाइटचीच पूर्तता (उत्तराची पोच) आणि माघार आहेत. समोरच्याने उचलण्याआधी कॉल करणाऱ्याने फोन ठेवला, तर कॅन्सलला २०० आणि इन्व्हाइटला ४८७ अशी दोन उत्तरे येतात. दोन्हींचा क्रमांक १०२च. कोणते कशाचे, हे शेजारच्या प्रकारावरून कळते.

निष्कर्ष : हा भेद न ओळखता एखाद्या सॉफ्टवेअरने अ‍ॅकला १०३ दिला, तर पलीकडचा फोन त्याची सांगड इन्व्हाइटशी घालू शकत नाही. तो कॉल उचलल्याचे ‘२०० ओके’ हे उत्तर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी, बोलणे चालू असतानाच, कॉल तोडतो. म्हणून नेमका ३२व्या सेकंदाला तुटणारा कॉल तपासताना आधी अ‍ॅक पोचला का आणि त्याचा क्रमांक इन्व्हाइटशी जुळतो का, हे पाहावे.