दहा सह्यांचे मौन

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील उमरावांच्या वाड्यांत घडणाऱ्या, रक्तपातापेक्षा चहापानाला अधिक जागा देणाऱ्या ज्या खेळकर रहस्यकथा आजही आवडीने वाचल्या जातात, त्या वाचताना पुष्कळांना वाटते की हा सारा लेखकाच्या कल्पनेचा विलास आहे. सभ्य स्त्री-पुरुषांनी भरलेल्या दिवाणखान्यात गुन्हा घडावा, पोलिसांत वर्दी न देता पाहुण्यांनीच त्याची चौकशी करावी आणि शिक्षाही त्यांनीच फर्मावावी, हे प्रत्यक्षात कसे व्हावे? परंतु १८९० च्या सप्टेंबरात, इंग्लंडातील हल शहराजवळच्या ट्रॅन्बी क्रॉफ्ट या वाड्यात, हे जवळजवळ याच क्रमाने घडले.

रेल्वेचे जाळे पसरल्यापासून लंडनच्या प्रतिष्ठितांनी शिकारीच्या वा शर्यतीच्या हंगामात एकमेकांच्या ग्रामीण वाड्यांत चार दिवस मुक्कामाला जावे, असा रिवाज तेथे दृढ झाला होता. पाहुण्याबरोबर त्याचे नोकर येत, आणि पाहुणा खुद्द युवराज एडवर्ड असला म्हणजे यजमानाची तिजोरी किती रिकामी होई, याला सीमा नसे. डॉन्कास्टरच्या शर्यतींसाठी युवराज त्या वर्षी ज्यांच्याकडे उतरायचे ते ख्रिस्तोफर साइक्स अशा पाहुणचारापायीच कर्जबाजारी झाले होते. म्हणून तो मान हलचे धनाढ्य जहाजमालक आर्थर विल्सन यांच्याकडे आला. मुंबईत ज्याच्या अश्वारूढ पुतळ्याला लोक ‘काळा घोडा’ म्हणत आले, तोच हा युवराज. आणि तो पुतळा शहराला अर्पण करणाऱ्या सासून घराण्यातील रूबेन सासून हेही या मंडळींत होते.

युवराजाला बॅकरा नावाच्या पत्त्यांच्या जुगाराचा विलक्षण षोक होता. पाच शिलिंगांपासून दहा पौंडांपर्यंतच्या किमतीच्या, निरनिराळ्या रंगांच्या कातडी चकत्या ते स्वतःबरोबर बाळगीत. विल्सन यांना जुगार पसंत नव्हता आणि घरात त्याजोगे टेबलही नव्हते. तेव्हा ८ सप्टेंबरच्या रात्री तीन लहान टेबले जोडून काम भागवण्यात आले. खेळताना यजमानाचा मुलगा स्टॅन्ली याला दिसले, किंवा दिसल्यासारखे वाटले, की स्कॉट्स गार्ड्‌स पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सर विल्यम गॉर्डन-कमिंग हे पत्ते अनुकूल पडताच आपल्या डावात हळूच लाल चकत्या वाढवतात. त्याने शेजारी बसलेल्या बर्कली लेव्हेट या त्याच पलटणीतील कनिष्ठ अधिकाऱ्याच्या कानावर ही गोष्ट घातली. पुढे ती बहिणीला, मेव्हण्याला आणि आईलाही कळली.

दुसऱ्या रात्री लांब टेबल आणून त्यावर कापड पसरण्यात आले आणि कडेपासून सुमारे सहा इंचांवर खडूची रेघ ओढण्यात आली. डाव रेघेपलीकडे ठेवायचा, म्हणजे अलीकडून कोण काय सरकवतो ते उघड दिसावे. रेघ खेळाच्या सोयीची म्हणून सर्वांनी मान्य केली. कित्येकांच्या नजरा मात्र कर्नलच्या बोटांवर होत्या. जावई लायसेट ग्रीन यांनी खेळातून उठून सासूबाईंना चिठ्ठी पाठवली की हा प्रकार थांबवावा. सासूबाईंनी काहीही केले नाही, कारण युवराजासमोर आपल्या घराची बेअब्रू होऊ देणे कोणत्या यजमानिणीला रुचले असते? त्या दोन रात्रींत कर्नलने २२५ पौंड जिंकले.

१० सप्टेंबरला पाहुण्यांपैकी लॉर्ड कव्हेंट्री आणि जनरल ओवेन विल्यम्स यांनी ही हकीकत युवराजाच्या कानावर घातली. चकत्या कोणी तपासल्या नाहीत, साक्षीदारांना आरोपीसमोर उभे केले नाही. कर्नलने आरोप साफ नाकारला. परंतु पुन्हा कधीही पत्ते हाती धरणार नाही असा करार त्याच्याकडून लिहून घेतला गेला आणि त्याच्या मोबदल्यात सर्वांनी मौन पाळावे असे ठरले. युवराजासकट दहा जणांनी त्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्यांत रूबेन सासून यांचीही होती. सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, हे कर्नलला कळत होते. पण वीस वर्षांच्या स्नेहातील युवराजाचा शब्द मोडणेही त्याला शक्य नव्हते.

दहा माणसांनी राखलेले गुपित जितके टिकायचे तितकेच ते टिकले. वर्षअखेरीस पॅरिसहून आलेल्या निनावी पत्राने कर्नलला कळवले की ही गोष्ट सर्वतोमुखी झाली आहे. त्याने आरोप करणाऱ्यांवर अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १८९१ च्या जूनमध्ये खुद्द भावी राजा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सॉलिसिटर जनरल सर एडवर्ड क्लार्क यांनी कर्नलची बाजू मोठ्या हिमतीने मांडली. जिंकलेली रक्कम पुढच्या डावावर चढवण्याची कर्नलची पद्धत पाहणाऱ्यांना फसवणुकीसारखी भासली, असे त्यांचे म्हणणे होते. एका ज्यूररने युवराजालाच विचारले, तुम्ही स्वतः काही पाहिले काय? युवराजांनी काहीच पाहिले नव्हते. तरीही अवघ्या तेरा मिनिटांत ज्यूरीने कर्नलच्या विरुद्ध निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले, आणि त्याच दिवशी एका अमेरिकन श्रीमंत तरुणीने त्याच्याशी विवाह केला. पुढे १९३० पर्यंत तो जगला, पण ज्या दिवाणखान्यांत त्याचे अर्धे आयुष्य गेले होते, ते त्याला कायमचे बंद झाले.

पुढच्याच महिन्यात, जुलै १८९१ मध्ये, ‘स्ट्रॅन्ड’ मासिकात शेरलॉक होम्सच्या लघुकथांना प्रारंभ झाला. पहिल्या कथेत मुखवटा घातलेला एक राजा आपली इभ्रत वाचवण्यासाठी गुप्तहेराच्या दारी येतो आणि कथेत खून होत नाही. अशा कथा लोकांना का भावल्या, याचे उत्तर या खटल्यात सापडते. जो शिष्टाचार उच्चकुलीनांच्या घरांत रहस्य निर्माण करीत होता, तोच त्याची उकल होऊ देत नव्हता. कर्नल खरोखर दोषी होता काय, याविषयी आजही एकमत नाही. कथेतील चतुर विधवा किंवा चौकस सरदारकन्या शेवटच्या प्रकरणात सर्वांना एकत्र बसवून जो प्रश्न मोठ्याने विचारते, तो ट्रॅन्बी क्रॉफ्टमध्ये पहिल्याच रात्री, चकत्या टेबलावर असतानाच कोणी विचारला असता, तर तो माणूस दोषी तरी ठरता किंवा निर्दोष तरी. केवळ संशयित म्हणून एकोणचाळीस वर्षे जगण्याची पाळी त्याच्यावर आली नसती.